भाव कुठे ठरतो? मुंबईच्या कोटापासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत

(परतूर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांनी आम्हाला दारातच विचारलं, "सर, मुंबईच्या फोर्ट भागाचा इतिहास परतूरला कशाला? आम्हाला दुधनेचा सांगा, जालन्याचा सांगा." प्रश्न रास्त आहे. इथून मुंबई साडेचारशे-पाचशे किलोमीटर. तिथल्या दगडी इमारती आपल्या नाहीत, तिथल्या बँका आपल्या नाहीत. मग आपला संबंध काय?

संबंध कापसाचा आहे. आपल्या बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी उभी राहते, व्यापारी हात घालून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून बघतो आणि भाव सांगतो. तुम्ही म्हणता, "कालपेक्षा दोनशेने कमी कसा?" तो म्हणतो, "मुंबईचं मार्केट पडलंय." हे वाक्य या जमिनीवर गेली शंभर-सव्वाशे वर्षं ऐकू येतंय. माल इथला, घाम इथला, पाऊस इथला, आणि भाव मात्र मुंबईचा. तेव्हा ही मुंबई नेमकी कुठे आहे? कोणत्या गल्लीत, कोणत्या इमारतीत हा भाव ठरतो, आणि ती जागा तिथे आली कशी? आज आपण एवढंच शोधणार आहोत. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाचा इतिहास म्हणजे आमच्या मते भाव ठरण्याच्या जागेचा इतिहास.

सुरुवात समुद्रापासून करू. सात बेटं होती. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, त्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. राजाला हे बेट सांभाळणं परवडेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पुढे १६८७ मध्ये कंपनीने आपलं पश्चिमेकडचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. म्हणजे बघा, मुंबई केंद्र म्हणून जन्मलेली नाही. केंद्र सुरतेला होतं, ते उचलून मुंबईला आणलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. केंद्र उचलता येतं, आणि पुढे ते अनेकदा उचललं गेलं.

कंपनीने बंदराजवळ किल्ला बांधला, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वस्तीभोवती तट घातला. बाहेर खंदक. आपले लोक या भागाला 'कोट' म्हणत. तीन दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बझार गेट. चर्च म्हणजे १७१८ मध्ये नाताळच्या दिवशी उघडलेलं सेंट थॉमसचं देऊळ, त्याच्या वाटेवरचा दरवाजा तो चर्च गेट. दरवाजा जाऊन दीडशेवर वर्षं झाली, पण स्टेशनाच्या नावात तो आजही आहे. कोटाच्या आत दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पारशी, बनिये आणि इतर व्यापारी. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या उत्तर भागात मोठी आग लागली. त्यानंतर तटाबाहेरची वस्ती झपाट्याने वाढली. कोटात धंदा आणि बाहेर घर, ही विभागणी इथून पक्की होत गेली. सकाळी लोंढा आत, संध्याकाळी बाहेर. लोकल गाड्या फार नंतर आल्या. चाल आधीची आहे.

आता या कोटाच्या मध्यावर या. सेंट थॉमसच्या देवळासमोर एक मोकळं मैदान होतं. त्याला इंग्रज बॉम्बे ग्रीन म्हणत, आणि लोकांच्या तोंडी कॉटन ग्रीन. नावात सगळं आलं. गुजरातचा, काठेवाडचा, खानदेशचा, वऱ्हाडचा कापूस इथे येऊन पडे. उघड्यावर गाठींचे ढीग, बाजूला दाबयंत्रं, हमाल, तोलारी, दलाल. चीनला जाणारी जहाजं पलीकडे धक्क्यावर. ज्याला कापूस घ्यायचा तो येऊन गाठ फोडून बघे, हातात घेई, वास घेई, आणि तिथल्या तिथे भाव करी. माल आणि भाव एका मैदानात. मालाला हात लावल्याशिवाय भाव सांगता येत नव्हता.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. कापूस घाण करतो, उडतो, पेट घेतो. मैदानाच्या पूर्वेला १८३३ मध्ये टाऊन हॉल पुरा झाला, आज आपण ज्याला एशियाटिकची इमारत म्हणतो तीच. एवढी खांबांची देखणी इमारत आणि समोर कापसाचे ढीग, हे साहेबाला कसं चालणार? १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला होता, तेव्हा १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. मैदान रिकामं झालं. आणि गंमत अशी, की माल गेला तरी व्यापारी, पेढ्या आणि बँका मैदानाभोवतीच राहिल्या. मालापासून भाव सुटायला सुरुवात झाली ती इथे.

मग आलं १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांचा कापूस तुटला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाचा भाव तीन-चार वर्षांत चौपट-पाचपट झाला. सारं जग कापसासाठी मुंबईकडे बघू लागलं. युद्धाच्या त्या वर्षांत नेहमीच्या उलाढालीच्या वर सुमारे आठ कोटी पौंड मुंबईत आले, असे त्या काळचे हिशेब सांगतात. दिनशा वाच्छा यांनी पुढे मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

एवढा पैसा आला म्हटल्यावर तो कुठेतरी जायला हवा. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी १८६२ नंतर कोटाचा तट पाडायला घेतला. तोफा आणि वेढे यांची भीती उरली नव्हती, आणि तटाखालची जमीन सोन्याच्या भावाची झाली होती. पडलेल्या तटाच्या पट्ट्यात पुढे सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, तारघर अशी रांग उभी राहिली. जुन्या कॉटन ग्रीनभोवती एल्फिन्स्टन सर्कल नावाची एकसारख्या दर्शनी भिंतींची गोल इमारतमाला झाली. ती १८७२ मध्ये पूर्ण झाली. आज तिला हॉर्निमन सर्कल म्हणतात, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने. जिथे कापसाचे ढीग पडत तिथे मधोमध बाग झाली. ही सगळी बांधकामं कुणाच्या पैशातून? कापसाच्या. दगड मुंबईच्या आसपासचा असेल, पण मोल कुठल्या कुठल्या काळ्या जमिनींनी दिलं.

याच काळात, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झालं. मराठीत या शहराचं असं वर्णन प्रथमच होत होतं. ज्या वर्षी शहर पैशाने फुगत होतं, त्याच वर्षी एक मराठी माणूस शांतपणे त्याचे रस्ते, तलाव, बाजार नोंदवत होता. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं.

फुगण्याचा प्रकार कसा होता, ते ऐका. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका आणि १६ वित्तीय कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी अशा संस्था मोजक्याच होत्या. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पाच हजार रुपयांचा तिचा शेअर कित्येक पटींनी विकला जात होता, आणि समुद्रात भराव अजून पडायचाच होता! म्हणजे जमीन नाही, तिचा भाव मात्र आहे. या साऱ्याचा अनभिषिक्त राजा होता प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दावर बँका कर्जं देत.

आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये तिकडे जनरल ली शरण आला. युद्ध संपलं. बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस ठरलेला होता. त्या दिवशी देणं कुणालाच जमलं नाही. एकाने दुसऱ्याला बुडवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बॅक बे कंपनी गेली, बँका गेल्या. १८४० पासूनची बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचंही या सट्ट्यात जबर नुकसान झालं. प्रेमचंदही बुडाला. पण त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून मनोरा मात्र उभा राहिला आणि १८७८ मध्ये पुरा झाला. आईच्या नावाने राजाबाई टॉवर. आजही तो वेळ दाखवतो.

इथपर्यंतची कथा मुंबईच्या पुस्तकांत रंगवून सांगितलेली असते. आपण जरा घाटाच्या वर येऊन बघू. तेजीच्या वर्षांत खेड्यापाड्यांत पैसा खेळला. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता, कारण त्यालाही वरून पैसा मिळत होता. मंदी आली, वरचा पैसा आटला, सावकाराने मूठ आवळली. सारा मात्र चढत्या काळाच्या अंदाजाने वाढवलेला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-रोखे काढून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकतो ते हेच. इतिहासकारांनी त्यांची अनेक कारणं दाखवली आहेत, त्यांतलं एक हे. आता साखळी बघा. व्हर्जिनियात एक सेनापती शरण आला, लिव्हरपूलला भाव पडला, एल्फिन्स्टन सर्कलमध्ये बँक बुडाली, आणि दहा वर्षांनी सुप्यात रोखे जळाले. जळणाऱ्या रोख्यांवर कुणाचा अंगठा होता? ज्याने ली हे नाव कधी ऐकलंही नव्हतं त्याचा.

म्हणून आम्ही म्हणतो, मुंबईला नुसतं दोष देऊन भागत नाही. मुंबईचा कोटही कुणाच्या तरी परिघावर होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, १८७० मध्ये समुद्रातल्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. पूर्वी भावाची बातमी आगबोटीने यायला महिनाभर लागे, ती आता काही तासांवर आली. मुंबईचा दलाल लिव्हरपूलकडे मान वर करून बघायचा, आणि आपला आडत्या मुंबईकडे.

या दलालांचीही एक कथा आहे. १८५० च्या दशकात शेअरांचे थोडे दलाल टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमत. संख्या वाढली, जागा बदलत गेल्या. १८७४ मध्ये त्यांना एक गल्ली मिळाली, तीच दलाल स्ट्रीट. ९ जुलै १८७५ ला त्यांची रीतसर संघटना झाली, तीच पुढे बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज. साल लक्षात आलं का? मे १८७५ मध्ये सुप्यात कागद जळतात, आणि जुलै १८७५ मध्ये मुंबईत कागदाचा बाजार संघटित होतो. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव आहे असं आम्ही म्हणत नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने असली घाई करू नये. पण एकाच वर्षी एकाच प्रांतात कागदाची दोन रूपं दिसतात. एकाला तो गळफास, दुसऱ्याला तो माल.

आता परतूर. हा मुलूख निजामाचा. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात; जालना जिल्हा १९८१ चा. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे झाली, सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत. आपलं स्टेशन त्याच मार्गावरचं. रूळ मीटर गेजचे, आणि मनमाडला मुंबईची जी.आय.पी. रेल्वे ब्रॉड गेजची. म्हणजे इथून निघालेली गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. रुपयाही वेगळा. इकडे निजामाचा हाली शिक्का, तिकडे इंग्रजी कलदार. आणि संस्थानाबाहेर माल न्यायचा तर करोडगिरीची जकात. गेज बदला, नाणं बदला, जकात भरा, आणि प्रत्येक वळणावर एक माणूस आपला हिस्सा काढून घेणार. शेतकऱ्याच्या हातात काय उरत असेल, ते तुमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलंय. तरीही रेल्वेने एक झालं. ज्वारीच्या रानात कापूस वाढला, जिनिंग आले, आडती आल्या. आगगाडीने परतूरला मुंबईच्या जवळ आणलं, असं म्हणतात. आम्ही त्याला जोडून म्हणू, की मुंबईच्या भावाच्या जवळ आणलं.

तिकडे मुंबईत माल केंद्रापासून आणखी दूर चालला होता. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला. अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्ये उघडली, आणि ती खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. जॉर्ज विटेटच्या आराखड्याची, सरळ रस्त्यांची, एकसारख्या उंचीची. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे आल्या. आणि कापूस? १९२० च्या दशकात तो कुलाब्याहूनही हलला, शिवडीला गेला. तिथे मोठ्या वखारी आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत झाली. हार्बर लाईनवर आजही कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. लोक विचारतात, इथे हिरवळ कुठे आहे? हिरवळ इथे नव्हतीच. ते नाव देवळासमोरच्या मैदानाचं, कुलाब्यामार्गे फिरत फिरत शिवडीला आलेलं. कापूस जिथे गेला तिथे नावही गेलं. भाव ठरवणारी माणसं मात्र बहुतेक मागे राहिली.

आता पुन्हा बॅक बे. १८६५ मध्ये बुडालेलं स्वप्न १९२० च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पुन्हा काढलं. आठ तुकड्यांत मिळून सुमारे ११४५ एकर समुद्र बुजवायचा बेत. गाळ ओतला तर तो भिंतीखालून समुद्रात परत जाऊ लागला. खर्च वाढत चालला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने हा कारभार चव्हाट्यावर आणला. लोक या योजनेला लॉइडचा मूर्खपणा म्हणू लागले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने नरिमनवर अब्रूनुकसानीचा खटला घातला, आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. आठांपैकी चारच तुकडे पुरे झाले. त्यांतल्या काही तुकड्यांवर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरची आर्ट डेको घरं आली. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे गॉथिक आणि आर्ट डेको दोन्हींना मिळून, जागतिक वारशात घेतलं. समुद्र बुजवणाऱ्यांना ज्याने कोर्टात उत्तर दिलं, त्याचं नाव पुढे बुजवलेल्या समुद्रावरच्या जागेलाच मिळालं : नरिमन पॉइंट. याला न्याय म्हणायचं की थट्टा, ते तुम्ही ठरवा.

मध्ये एक प्रसंग सांगायलाच हवा. जुना चर्च गेट जिथे होता, तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. सगळ्या कचेऱ्यांच्या मधोमध. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक तिथे जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्या चळवळीत एकंदर १०६ हुतात्मे झाले असं आपण म्हणतो. आज त्या जागेचं नाव हुतात्मा चौक. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद होता : ही मुंबई भांडवलाने उभी केली, मराठी माणसाने नाही. आपण आतापर्यंत जे पाहिलं त्यावरून याचं उत्तर द्या. ते भांडवल आलं कुठून? कापसाला हात लावणारे हमाल, गिरणीतले कामगार, आणि घाटावरचा शेतकरी, यांना वगळून भांडवल नावाची वस्तू शिल्लक राहते का? मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिकात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. निजामाच्या मुलखातून आलेल्या आपल्या माणसांनी फोर्ट डोळ्यांनी पाहिलेला नसेल, पण त्यांचा त्या चौकावर हक्क होता. आमचं हे मत भावनेतून आलेलं नाही, हिशेबातून आलेलं आहे.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगतो. नरिमन पॉइंटला साठ-सत्तरच्या दशकांत भराव पडला आणि उंच इमारती आल्या. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ ची. १९९० च्या दशकाच्या मध्यात जगातल्या सर्वांत महाग कचेऱ्यांमध्ये नरिमन पॉइंटची गणना होत होती. त्याच वेळी दुसरा विचारही होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचवलं, की दक्षिण टोकाला आणखी गर्दी करू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि सरकारच तिकडे न्या. १९७० मध्ये सिडको झाली, बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी भागाची आखणी झाली. स्टेशनच्या नावातच सी.बी.डी. आहे. पण सरकार गेलं नाही. मंत्रालय आणि विधानभवन आजही बॅक बेच्या भरावावर. सत्ता जिथून हलत नाही तिथून पैसा कशाला हलेल? नाव देऊन केंद्र होत नाही, हे बेलापूरने शिकवलं. आणि हो, तुमचा कापूस हमीभावाने घेणारं कापूस महामंडळ, त्याचं मुख्य कार्यालय याच बेलापुरात आहे, कापूस भवनात. म्हणजे सरकारी भावाचा पत्ता बेलापूरचा.

मग बाजारच पडद्यावर गेला. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज संगणकावर सुरू झालं, १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरची ओरडाओरडही थांबली. ओरडायचंच नसेल तर एका गल्लीत जमायचं कशाला? पैसा मोठ्या जागांकडे निघाला. काही गिरणगावात गेला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपानंतर गिरण्या पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत. आपला कापूस जिथे सूत होत होता, तिथे लोअर परळला काचेच्या कचेऱ्या झाल्या. बाकीचा पैसा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. मिठी नदीकाठची पाणथळ जमीन, १९७७ पासून एम.एम.आर.डी.ए.कडे नियोजनाला. शेअर बाजार, हिरे बाजार, बँका सगळं तिथे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जागा परत मागितली. शेकडो माणसं गेली. सखल जमीन बुजवली की पाणी कुठे जायचं, हा प्रश्न लॉइडच्या गाळाइतकाच जुना आहे.

आता आमच्या विषयावर येतो, मग थांबतो. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात गुणांची यादी आहे. रूप, रस, गंध यांबरोबर त्यात दोन गंमतीचे गुण आहेत : परत्व आणि अपरत्व. दूरपण आणि जवळपण. हे गुण रंगासारखे वस्तूत पडलेले नसतात, ते अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतात, म्हणजे कुणीतरी कुठूनतरी बघत असतो म्हणून. मध्यवर्ती भागाचं असंच आहे. मध्य हा जमिनीचा गुण नाही. सुरत मध्य होती, मग कोट, मग दलाल स्ट्रीट, मग नरिमन पॉइंट, आता वांद्रे-कुर्ला. उद्या आणखी कुठे. तो मध्य होतो, कारण दूरची माणसं आपला माल आणि आपला विश्वास तिकडे पाठवतात. कॉटन ग्रीनवर भाव करणाऱ्याला कापसाला हात लावावा लागे. आज पडद्यासमोर बसलेल्याला ते करावं लागत नाही. दोनशे वर्षांत मालाचं आणि भावाचं अंतर वाढत गेलं, आणि ते जितकं वाढलं तितका परतूरचा शेतकरी हिशेबातून पुसट होत गेला. या इतिहासात आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे.

भाषण इथे संपलं. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग भाव परतूरला ठरूच शकत नाही का? आम्ही काय करायचं?

उत्तर : फार चांगला प्रश्न. सगळा भाव इथे ठरणार नाही, असं म्हणणं आम्ही प्रामाणिकपणाचं समजतो. जगाचा कापूस जगाच्या भावाने जाणार. पण भावाचे दोन भाग असतात. एक दूर ठरतो. दुसरा इथे, आवारात ठरतो : वजन, ओलावा, धाग्याची लांबी, कचरा, कटती. या दुसऱ्या भागात फसवणूक होत होती, म्हणूनच १८९७ मध्ये वऱ्हाडात कापसाच्या बाजाराचा कायदा झाला, १९३० मध्ये हैदराबाद संस्थानात बाजाराचा कायदा झाला, १९६३ मध्ये महाराष्ट्राचा झाला. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची रीत होती, ती उघड लिलावावर आणायला किती झगडावं लागलं! तो झगडा मुंबईत झाला नाही, अशा आवारांमध्ये झाला. कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं, बारापर्यंत कापून घेतं, त्यापुढे घेत नाही. मग ओलावा मोजायचं यंत्र कुणाच्या हातात आहे, ते बरोबर आहे का, हे बघायला दलाल स्ट्रीटला जावं लागत नाही. गावातल्या चार जणांनी मिळून ते यंत्र घ्यावं आणि गाडी निघण्याआधी घरी कापूस मोजावा. आकडा आधी तुमच्याकडे असला पाहिजे. कॉटन ग्रीनवरचा माणूस मालाला हात लावून बोलायचा, तसं तुम्ही बोला.

दुसरा प्रश्न वेळेअभावी घेता येत नाही, क्षमा असावी. बाहेर चहा आहे. तिथे बोलू.